पहिला कागद कोण लिहितो?

२५ मे २०२० च्या रात्री अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या पोलिसांनी एक निवेदन काढलं. पोलिसांशी संपर्क आलेला असताना तब्येत बिघडून एका माणसाचा मृत्यू झाला, असा त्याच्या मथळ्याचा आशय होता. आत लिहिलं होतं की संशयिताने विरोध केला, त्याला बेड्या घातल्या, मग त्याला त्रास होत असल्याचं दिसलं म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि हॉस्पिटलमध्ये तो वारला. कुणीही कुठलंही शस्त्र वापरलं नाही, हेही आवर्जून नमूद केलं होतं.

या निवेदनातली बरीचशी वाक्यं तांत्रिकदृष्ट्या खरी आहेत. बेड्या घातल्या होत्या. ॲम्ब्युलन्स आली होती. बंदूक कुणी चालवली नव्हती. फक्त गुडघा गाळला होता. डेरेक शॉविन नावाच्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर आणि पाठीवर ९ मिनिटं २९ सेकंद गुडघा रोवून ठेवला होता आणि त्या निवेदनात त्याचा एक शब्दही नव्हता. तिथून जाणारी डार्नेला फ्रेझर ही सतरा वर्षांची मुलगी थांबली, तिने फोन काढला आणि हात न हलू देता शेवटपर्यंत चित्रीकरण केलं, म्हणून जगाला गुडघा दिसला. पुढच्या वर्षी पुलित्झर मंडळाने तिचा खास गौरव केला. पण ती त्या दिवशी वेगळ्या रस्त्याने गेली असती तर? तर त्या निवेदनात होतं तेच सत्य ठरलं असतं. फाईल बंद. जॉर्ज फ्लॉइड हे नाव तुम्ही-आम्ही कधी ऐकलंही नसतं.

हे आत्ता लिहायचं कारण असं की अमेरिकेतल्या पोलिसी अत्याचारांचा विषय निघाला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हटकून दोन प्रकारचे मेसेज येतात. एक म्हणतो, बघा, मानवी हक्कांच्या गप्पा मारणाऱ्यांचं खरं रूप. दुसरा म्हणतो, काही म्हणा, तिथे निदान शिक्षा तरी होते. शॉविनला साडेबावीस वर्षं झाली. पहिल्यात आनंद जास्त आणि माहिती कमी असते, त्यामुळे तो सोडून देऊ. दुसरा मेसेज मात्र सुशिक्षित, नोकरदार, 'सिस्टिम'वर विश्वास असलेल्या माणसाचा असतो, आणि तोच जास्त चुकीचा आहे.

बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या कुणालाही 'मेकर-चेकर' हा शब्द माहीत असतो. एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने मंजूर करायची. स्वतःची एंट्री स्वतःच मंजूर करता येत नाही, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. हा त्याच्यावरचा अविश्वास नसतो, पैसा दुसऱ्याचा असतो म्हणून पाळायची ती पथ्यं असतात. सर्व्हरचा लॉगही असाच दुसरीकडे ठेवतात, म्हणजे ज्याच्या हातून घोळ झाला त्यालाच तो पुसता येऊ नये. दोन-चार हजार रुपयांच्या व्यवहाराला आपण एवढी काळजी घेतो. अमेरिकेत माणसाच्या जिवाच्या बाबतीत मात्र मेकरही पोलिस आणि पहिला चेकरही पोलिस. शॉविनला झालेली शिक्षा ही या व्यवस्थेची कामगिरी म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती व्यवस्थेला बगल देऊन मिळालेली शिक्षा आहे.

ती कशी मिळाली ते बघा. सगळ्यात आधी बाहेरच्या माणसाचा व्हिडिओ. मग देशभर, अगदी जगभर रस्त्यावर उतरलेली माणसं. त्यानंतर, ३१ मे रोजी, मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी खटला स्थानिक काउंटीच्या सरकारी वकिलाकडे न ठेवता राज्याचे ॲटर्नी जनरल कीथ एलिसन यांच्या हाती सोपवला. २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेले पहिले मुस्लिम म्हणजे हेच एलिसन. स्थानिक सरकारी वकील रोज ज्या पोलिसांच्या साक्षींवर खटले जिंकतो, त्याच पोलिसांवर तो खुनाचा खटला जीव तोडून लढेल अशी अपेक्षा करायची, ही तिथली नेहमीची रीत. इथे ती मोडली. वर खुद्द मिनियापोलिसचे पोलिसप्रमुख शॉविनच्या विरोधात साक्षीला उभे राहिले, आणि असं सहसा घडत नाही. एवढं सगळं जुळून आलं तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये एका माणसाला दोषी ठरवता आलं. त्या माणसाविरुद्ध आधीच्या १९ वर्षांच्या नोकरीत किमान १७ तक्रारी झाल्या होत्या. त्या सगळ्या खात्यानेच तपासल्या आणि जवळपास सगळ्या खात्यानेच बंद केल्या.

व्हिडिओ असून तो खात्याच्या ताब्यात असेल तर काय होतं, याचं उत्तर शिकागोत आहे.

२० ऑक्टोबर २०१४. लक्वान मॅकडॉनल्ड हा सतरा वर्षांचा मुलगा हातात छोटा चाकू घेऊन रस्त्याने चालला होता. जेसन व्हॅन डाइक या पोलिसाने त्याच्यावर सोळा गोळ्या झाडल्या. पोलिसांच्या अहवालांत नोंद झाली की मुलगा चाकू घेऊन अंगावर येत होता. एकाने नाही, अनेकांनी तसं लिहून दिलं. पण पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात मुलगा पोलिसांपासून लांब जाताना दिसत होता, आणि तो खाली कोसळल्यावरही गोळ्या चालूच होत्या. हा व्हिडिओ शहराकडे पहिल्या दिवसापासून होता. एप्रिल २०१५ मध्ये, कुटुंबाने दावा दाखल करण्याआधीच, शहराने ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. व्हिडिओ मात्र बाहेर आला नाही. एका स्वतंत्र पत्रकाराने माहितीच्या हक्काखाली मागणी केली, ती फेटाळली गेली, तो कोर्टात गेला, आणि न्यायाधीशाच्या आदेशावरून २४ नोव्हेंबर २०१५ ला व्हिडिओ प्रसिद्ध झाला. व्हॅन डाइकवर खुनाचा गुन्हा दाखल झाल्याची घोषणा कधी झाली? त्याच दिवशी. तेरा महिने जो पुरावा कपाटात असताना गुन्हा ठरत नव्हता, तो लोकांनी बघायच्या दिवशी सकाळी गुन्हा ठरला.

पुढे २०१८ मध्ये व्हॅन डाइक दोषी ठरला. शिक्षा सहा वर्षं नऊ महिन्यांची झाली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तो बाहेरही आला. खोटे अहवाल लिहून त्याला वाचवल्याचा आरोप ज्या तीन पोलिसांवर होता, ते तिघेही निर्दोष सुटले. मला या प्रकरणात सोळा गोळ्यांपेक्षा हे शेवटचं वाक्य जास्त भयंकर वाटतं. गोळी झाडणारा एक होता. कागद जुळवणारे अनेक होते, आणि कागदासाठी कुणालाच शिक्षा नाही.

लुईव्हिल शहरात १३ मार्च २०२० च्या मध्यरात्री ब्रिओना टेलर या २६ वर्षांच्या आरोग्यसेविकेच्या घराचं दार फोडून पोलिस शिरले. तिच्या मित्राला चोर आल्यासारखं वाटलं, त्याने एक गोळी झाडली. पोलिसांच्या उलट गोळीबारात ती आपल्याच घराच्या बोळात मेली. त्या घटनेचा पोलिसांचा अहवाल नंतर प्रसिद्ध झाला. जवळपास कोराच. 'जखमा' या रकान्यात लिहिलं होतं: काही नाही. 'दार फोडून प्रवेश' या रकान्यासमोर: नाही. कधीतरी आपल्याकडचा पंचनामा हातात घेतलेल्या माणसाला हे वाचून अमेरिका एकदम जवळची वाटेल.

कुणी म्हणेल, ठीक आहे, खातं लबाडी करतं. पण कोर्ट आहे ना? दिवाणी दावा लावा, अधिकाऱ्याला वैयक्तिक जबाबदार धरा. कायदा तर आहे, आणि जुना आहे. यादवी युद्धानंतर क्लू क्लक्स क्लॅनच्या दहशतीला आवर घालायला १८७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो केला. सरकारी अधिकाराच्या जोरावर कुणी तुमचा घटनात्मक हक्क हिरावला तर त्या माणसावर दावा लावता येईल, इतकी सरळ त्याची भाषा. नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे नागरिक डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा.

त्या कायद्याची धार सुप्रीम कोर्टाने बोथट केली. मिसिसिपीत काळ्या-गोऱ्यांच्या वेगवेगळ्या प्रतीक्षागृहांना विरोध म्हणून एकत्र गेलेल्या पाद्र्यांना पोलिसांनी अटक केली होती. त्यांच्या दाव्यावर १९६७ मध्ये निकाल देताना कोर्टाने म्हटलं की पोलिसाने प्रामाणिक समजुतीने काम केलं असेल तर त्याला संरक्षण आहे. १९८२ मध्ये हा निकष आणखी बदलला. आता पोलिसाच्या मनात काय होतं हे बघायचं नाही. त्याने मोडलेला हक्क आधीच्या निकालांनी 'स्पष्टपणे प्रस्थापित' झालेला होता का, एवढंच बघायचं. याला म्हणतात क्वालिफाईड इम्युनिटी. तत्त्व म्हणून ऐकायला वाईट नाही: पोलिसाने काही सेकंदांत घेतलेल्या निर्णयासाठी त्याला कायद्याची अंधूक रेषा ओळखता आली नाही म्हणून भिकेला लावू नये. प्रत्यक्षात ती कशी वापरतात हे बघितलं की मात्र हसावं की रडावं कळत नाही.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये चोरीच्या संशयावरून पोलिस एका माणसाच्या मागे होते. तो तळघरात जमिनीवर बसला, दोन्ही हात वर केले. पोलिसांनी त्याच्यावर कुत्रा सोडला. शरण आलेल्या माणसावर कुत्रा सोडणं घटनाबाह्य आहे, असा त्याच कोर्टाचा आधीचा निकाल होता. पण त्या आधीच्या खटल्यातला माणूस आडवा पडलेला होता! हा बसलेला होता, हात वर होते. म्हणजे हा हक्क 'स्पष्टपणे प्रस्थापित' नव्हता. दावा बारगळला. अपिलाची विनंती सुप्रीम कोर्टाने १५ जून २०२० रोजी नाकारली, म्हणजे फ्लॉइड जाऊन तीन आठवडे झाले होते आणि कोर्टाबाहेरचा अख्खा देश रस्त्यावर होता. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरातला प्रकार तर असा: झडतीत जप्त केलेल्या रोकड आणि जुन्या नाण्यांपैकी पोलिसांनी कागदावर सुमारे ५० हजार डॉलरच दाखवले आणि सव्वादोन लाखांहून अधिक डॉलरचा ऐवज स्वतःच लंपास केला, असा मालकांचा आरोप. २०१९ मध्ये अपिलीय कोर्टाने म्हटलं की हे नैतिकदृष्ट्या चूक आहे हे पोलिसांना कळायला हवं होतं. पण वॉरंटनुसार जप्त केलेली मालमत्ता चोरणं हे अमुक घटनादुरुस्तीचा भंग आहे, असं आधी कुठे स्पष्ट ठरलेलं नव्हतं. दावा फेटाळला. चोरी करू नये हे कळायला पोलिसाला आधीचा निकाल लागतो.

यात आणखी एक गाठ आहे. कोर्टाला 'आधी स्पष्ट नव्हतं' एवढंच सांगून मोकळं होता येतं. 'यापुढे स्पष्ट आहे' हे सांगण्याची सक्ती नाही. म्हणजे तोच प्रकार उद्या पुन्हा घडला तर उद्याही ते स्पष्ट नसेल. प्रोग्रामर मित्रांनी याला काय म्हणतात ते स्वतःच ठरवावं.

मग पैसे कोण देतं? शहर देतं, म्हणजे करदाता देतो, म्हणजे ज्या वस्तीत गोळी चालली तीही देते. फ्लॉइडच्या कुटुंबाला मिनियापोलिसने २ कोटी ७० लाख डॉलर दिले, टेलरच्या कुटुंबाला लुईव्हिलने १ कोटी २० लाख. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने देशातल्या २५ मोठ्या पोलिस खात्यांचा हिशोब काढला तेव्हा दहा वर्षांत अशा तडजोडींवर ३२० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाल्याचं दिसलं. बहुतेक तडजोडींत चूक कबूल केलेली नसते. ज्याच्या चुकीचे पैसे दुसरा भरतो, त्याला चूक महाग पडत नाही.

नोकरीचं तसंच. पोलिस युनियनच्या करारांत बडतर्फीविरुद्ध लवादाकडे जाण्याची तरतूद असते. मी युनियनच्या विरोधात नाही. आमच्या आयटीत युनियन नाही म्हणून काय होतं ते रोज बघतो. पण रात्री जादा काम करायला लावू नये म्हणून भांडणारी युनियन वेगळी आणि जीव घेणाऱ्याला परत वर्दी द्या म्हणणारी वेगळी. 'पोस्ट'च्याच २०१७ च्या पाहणीत, २००६ पासून मोठ्या खात्यांनी बडतर्फ केलेल्या १,८८१ पोलिसांपैकी ४५१ जणांना परत घ्यावं लागल्याचं आढळलं. ज्याला परत घेत नाहीत तो शेजारच्या गावात अर्ज करतो. क्लीव्हलँडमध्ये २०१४ च्या नोव्हेंबरात तमिर राइस या बारा वर्षांच्या, खेळण्यातली बंदूक घेऊन बागेत खेळणाऱ्या पोराला ज्याने गाडीतून उतरता उतरता गोळी घातली, तो टिमोथी लोमन आधीच्या खात्यात नोकरीला नालायक ठरलेला होता. क्लीव्हलँडने ती जुनी फाईल तपासलीच नव्हती. पुढे २०१७ मध्ये त्याला काढलं ते राइसला मारल्याबद्दल नाही, नोकरीच्या अर्जात खोटी माहिती दिल्याबद्दल. त्यानंतरही तीन छोट्या गावांनी त्याला पोलिस म्हणून घेतलं. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून ते टळलं. अमेरिकेत सुमारे १८ हजार वेगवेगळी पोलिस खाती आहेत. हॉटेलात जेवण पोहोचवणाऱ्या पोऱ्याचं रेटिंग देशभर त्याच्या मागे फिरतं, पोलिसाचं फिरत नाही.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. ज्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, तिथे रस्त्यावर कुणाची गाडी थांबवणं हा प्रत्येक वेळी जुगार असतो. हे खरं आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. पण फ्लॉइड पालथा, बेड्या घातलेला होता. टेलर झोपेतून उठली होती. जिथे धोका नव्हता तिथल्या मृत्यूंना धोक्याचं कारण चालत नाही, आणि जिथे धोका होता तिथे खरी नोंद ठेवायला अडचण कसली?

'चार नासके आंबे' हा आणखी एक आवडता युक्तिवाद. जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिसमध्ये टायर निकोल्स या २९ वर्षांच्या काळ्या तरुणाला पोलिसांनी मरेस्तोवर मारलं. मारणारे पाचही जण काळे होते. पहिल्या पोलिसी निवेदनात पुन्हा तेच: झटापट झाली, मग त्याने श्वास घ्यायला त्रास होत असल्याची तक्रार केली. खांबावरच्या कॅमेऱ्याने खरं काय ते दाखवलं. त्यांतले तिघे राज्याच्या कोर्टात मे २०२५ मध्ये सगळ्या आरोपांतून सुटले. 'आपली माणसं खात्यात भरती झाली की सगळं ठीक होईल' हा विचार आपल्याकडेही फार चालतो. भरती जरूर व्हावी. पण वर्दी घातल्यावर माणूस कुणासाठी लिहितो, हे त्याच्या जातीवरून ठरत नाही, त्याचा कागद कोण तपासतो यावरून ठरतं. आणि मार कुणाला बसतो ते मात्र वंशावरूनच ठरतं: लोकसंख्येच्या प्रमाणात काळे अमेरिकी पोलिसांच्या गोळीने गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त मरतात.

आपण मुस्लिम या विषयात बाहेरचे प्रेक्षक नाही, हे तरुणांना माहीत असायला हवं. १९५७ मध्ये हार्लेममध्ये जॉन्सन हिंटन या 'नेशन ऑफ इस्लाम'च्या सदस्याला पोलिसांनी लाठीने डोकं फुटेस्तोवर मारलं, तेव्हा शेकडो लोकांना घेऊन शांतपणे पोलिस ठाण्यासमोर उभा राहिलेला तरुण वक्ता होता माल्कम एक्स. हिंटनला दवाखान्यात नेल्याशिवाय तो हलला नाही. एप्रिल १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तिथल्या मशिदीजवळ निःशस्त्र रोनाल्ड स्टोक्सला गोळी घातली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी ती हत्या समर्थनीय ठरवली आणि खटले उलट मशिदीतल्याच माणसांवर भरले गेले. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गिनीहून आलेला अमादू डियालो स्वतःच्या घराच्या दारात उभा असताना चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. खिशातून तो पाकीट काढत होता. चौघेही निर्दोष.

अकरा सप्टेंबरनंतर न्यूयॉर्क पोलिसांनी मशिदी, हॉटेलं, विद्यार्थी संघटना यांच्यावर पाळत ठेवणारी एक शाखाच काढली. असोसिएटेड प्रेसने ती उघडकीला आणली. सहलीला गेलेल्या मुस्लिम विद्यार्थ्यांबरोबर एक गुप्त पोलिस होता आणि पोरांनी दिवसातून किती वेळा नमाज पढली याची नोंद त्याने केली होती. सहाहून अधिक वर्षांत या शाखेच्या कामातून दहशतवादाचा एकही धागा हाती लागला नाही, हे २०१२ मध्ये खात्याच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं. आता याच्या शेजारी ही गोष्ट ठेवा: पोलिसांच्या गोळ्यांनी दरवर्षी किती माणसं मरतात याचा धड आकडा अमेरिकी सरकारकडे नव्हता. २०१५ पासून 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि 'गार्डियन' या वर्तमानपत्रांनी मोजायला घेतलं तेव्हा कळलं की तो साधारण हजाराच्या घरात आहे आणि एफबीआय त्याच्या निम्म्याहूनही कमी मोजत होती. कुणाची नमाज मोजायची आणि कुणाचे मृतदेह मोजायचे नाहीत, हे तंत्रज्ञान कमी पडल्यामुळे ठरलेलं नाही.

आणि आणखी एक. फ्लॉइडवर वीस डॉलरची खोटी नोट दिल्याचा संशय ज्या दुकानात घेतला गेला, तिथून पोलिसांना फोन गेला, ते दुकान पॅलेस्टिनी मूळ असलेल्या मुस्लिम कुटुंबाचं होतं. त्यांनी नंतर जाहीर दुःख व्यक्त केलं आणि अशा किरकोळ गोष्टींसाठी यापुढे पोलिसांना बोलावणार नाही असं सांगितलं. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण काळ्या वस्तीत धंदा करायचा, राहायचं दुसरीकडे, आणि आपण 'तसले' नाही या समजुतीत पोलिस आपले वाटायला लागायचे, हे दक्षिण आशियाई स्थलांतरितांमध्ये भरपूर आहे. मुंबई-पुण्याहून गेलेले आपले इंजिनिअरही त्याला अपवाद नाहीत. २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात नातवाला सांभाळायला आलेले एक ५७ वर्षांचे गुजराती आजोबा सकाळी फिरायला निघाले. कुणीतरी फोन केला: एक बारीक काळा माणूस फिरतोय. पोलिसाने इंग्रजी न समजणाऱ्या त्या माणसाला जमिनीवर आपटलं, आणि शरीराचा काही भाग लुळा पडला. गाडीतल्या कॅमेऱ्यात सगळं असूनही दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशाने पोलिसाला मोकळं केलं. सिॲटलमध्ये २०२३ मध्ये आंध्रची २३ वर्षांची विद्यार्थिनी रस्ता ओलांडताना पोलिसाच्या भरधाव गाडीखाली गेली. तिच्या मृत्यूवर एक पोलिस फोनवर हसत होता, तिच्या जिवाची किंमत फारशी नाही, चेक लिहून टाका, असं म्हणत होता. तो तेव्हा तिथल्या पोलिस युनियनचा उपाध्यक्ष होता. स्वतःचा बॉडी कॅमेरा चालू राहिला होता म्हणून हे बाहेर आलं.

तर मग कॅमेरे लावा, असं आम्हा तंत्रज्ञानवाल्यांना लगेच सुचतं. लावले की! वॉशिंग्टन डीसीत दोन हजारांहून अधिक पोलिसांवर शास्त्रशुद्ध प्रयोग झाला: काहींना कॅमेरा, काहींना नाही. २०१७ च्या निष्कर्षांत बळाच्या वापरात लक्षात येण्याजोगा फरक दिसला नाही. फ्लॉइडच्या वेळीही पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. कॅमेरा नोंद करतो. ती नोंद कुणाच्या ताब्यात राहणार, किती दिवसांत बाहेर येणार, आणि ती दाबली तर कुणाची नोकरी जाणार, हे कॅमेरा ठरवत नाही.

जून २०२० मध्ये आपल्यापैकी कितीतरी जणांनी इन्स्टाग्रामवर काळा चौकोन लावला. त्याच महिन्यात मुंबई पोलिस दलात सचिन वाझे आणि आणखी तिघांना परत घेतलं गेलं. ज्या प्रकरणात ते निलंबित होते त्यातला तरुण होता ख्वाजा युनूस: परभणीचा, २७ वर्षांचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२ मध्ये त्याला उचललं. जानेवारीत पोलिसांच्या कागदावर नोंद झाली: गाडीला अपघात झाला आणि आरोपी पळून गेला. पुढे सीआयडीच्या तपासात ही पळून जाण्याची गोष्ट बनावट निघाली. तपासात १४ पोलिसांची नावं पुढे आली, सरकारने खटला भरायला मंजुरी दिली फक्त चौघांवर. ती मंजुरीची अट म्हणजे आपली देशी क्वालिफाईड इम्युनिटीच. घाटकोपरच्या खटल्यातले बाकीचे आरोपी निर्दोष सुटले. युनूसची आई वीस वर्षांनंतरही कोर्टाच्या फेऱ्या मारत होती. काळा चौकोन लावणाऱ्या किती जणांना त्या आठवड्यात हे नाव माहीत होतं?

अमेरिकेत मधल्या काळात थोडं हललं होतं. फ्लॉइडच्या नावाचं पोलिस सुधारणा विधेयक प्रतिनिधिगृहात दोनदा मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. बायडेन यांनी आदेश काढून संघराज्याच्या पोलिसांच्या गैरवर्तनाची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. डिसेंबर २०२३ मध्ये ती चालू झाली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प परत आले आणि ती बंद झाली. २१ मे २०२५ रोजी, फ्लॉइडच्या पाचव्या स्मृतिदिनाला चार दिवस असताना, केंद्रीय न्याय खात्याने मिनियापोलिस आणि लुईव्हिल या दोन्ही शहरांशी ठरलेले सुधारणांचे करार सोडून देत असल्याचं जाहीर केलं. ब्रिओना टेलरच्या घरावर झालेल्या गोळीबारातल्या ब्रेट हँकिसन या पोलिसाला एक दिवसाची कैद पुरे, अशी शिफारस याच खात्याने जुलैमध्ये केली. न्यायाधीशाने ती ऐकली नाही, ३३ महिने दिले.

मिनियापोलिसमध्ये दुसरा एक करार मात्र अजून उभा आहे. तो मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क खात्याने २०२३ मध्ये शहराशी केला, आणि राज्याच्या कोर्टाच्या देखरेखीखाली असल्यामुळे वॉशिंग्टनला तो फाडता येत नाही. पोलिसांनी काय केलं आणि काय केलं नाही हे त्यात खात्याबाहेरची एक स्वतंत्र संस्था तपासते, आणि तिचे अहवाल नेटवर कुणालाही वाचायला खुले आहेत.